अडलेल्याचा हिशेब

आज नर्सिंगची पदवी घेणाऱ्या मुलींनो आणि मागच्या रांगेत दडून बसलेल्या मुलांनो, तुमचं अभिनंदन. ते तुमच्या आईवडिलांनी सकाळीच केलेलं असणार, म्हणून मी लांबवत नाही. तुमच्या नावांच्या यादीत किन्हवली, धसई, टोकावडे अशी गावं वाचली आणि यायला होकार दिला. शहापूर-मुरबाडच्या त्या पट्ट्यात माझी उमेदीची वर्षं गेली.

आमच्या वेळी उपकेंद्र म्हणजे एक खोली, एक लोखंडी खाट आणि खांद्याला लसींचा डबा. पावसाळ्यात ओढा भरला की पलीकडच्या पाड्यावरची बाळंतीण झोळीतून यायची, नाहीतर यायचीच नाही. वरून कुटुंबकल्याणाचं टार्गेट. मार्च जवळ आला की साहेब बाळंतिणीचं रक्त किती हे विचारत नसत, शस्त्रक्रिया किती झाल्या ते विचारत. टार्गेट पुरं झालं नाही म्हणून माझा पगार अडवला होता, ते मी अजून विसरलेले नाही. आज तुम्हाला कंत्राटावर घेतात आणि मोबाइलवर माहिती भरायला लावतात. फरक एवढाच की तेव्हा बोटाला शाई, आता बोट काचेवर. आणि पाण्याचं काय सांगू? तानसाचं धरण 1892 चं, पुढे भातसा झालं. ते पाणी मुंबईला जातं, आणि शहापूरच्या पाड्यांवर एप्रिलमध्ये टँकरची वाट बघतात. गॅस्ट्रोची साथ आली की जाब मात्र नर्सला.

मी ख्रिस्ती, नगरकडची. माझी पणजी संवत छप्पनच्या दुष्काळात मिशनच्या कामावर खडी फोडायला गेली आणि पुढे तिथलीच झाली. यावरून आयुष्यभर ऐकून घेतलं. दिवाळीची रात्रपाळी माझी, कारण ‘तुमचा कुठे सण असतो?’ नाताळचीही माझीच, कारण रजा मंजूर नाही. एकदा चहाच्या वेळी एका सहकाऱ्याने हसत विचारलं, ‘तुमच्या पणजीला किती पायली धान्य मिळालं?’ त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. नंतर पंडिता रमाबाई वाचल्या.

रमाबाईंचे आईवडील 1874 मध्ये, दुष्काळाच्या उपासमारीत गेले. मागोमाग बहीण. भावाबरोबर पायी हिंडत ही मुलगी 1878 मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथे तिच्या संस्कृतने पंडित थक्क झाले. पुढे भाऊ गेला, नवरा गेला. 1883 मध्ये इंग्लंडात, वाँटेजला, लेकीसह तिने बाप्तिस्मा घेतला. इथवर सगळे सांगतात. मला त्यापुढचं महत्त्वाचं वाटतं. वाँटेजच्या धर्मभगिनींनी तिला नीट चाकोरीत बसवायला बघितलं; हिने पत्रावर पत्र लिहून वाद घातला, शाकाहार सोडला नाही, पटलं नाही ते मानलं नाही. इकडे परतल्यावर पुण्यात, तिने चालवलेल्या शारदा सदनातल्या मुली बाटवते म्हणून गदारोळ झाला आणि 1893 मध्ये रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. एका बाजूला ती पुरेशी ख्रिस्ती नाही, दुसऱ्या बाजूला नको तितकी ख्रिस्ती. 1896-97 च्या दुष्काळात मात्र तीच मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मुली केडगावला घेऊन आली. त्या मुली अन्नासाठी आल्या का? अन्नासाठीच आल्या. मग? पोटात अन्न गेल्यावर माणूस जे मानतो ते खोटं, हे कुणी ठरवलं?

डोळखांबकडे माझ्याकडे एक कातकरी बाई यायची. दिवाळी झाली की उचल घेऊन जोडपं भिवंडीकडे वीटभट्टीवर, जूनला परत. एका वर्षी ती एकटीच परत आली. नवरा भट्टीवर तापाने गेला होता. पुढे ती पाड्यावरच्या ख्रिस्ती प्रार्थनेला जाऊ लागली. आमचाच एक कर्मचारी तिला खाटेवर तपासताना विचारतो, ‘काय गं, काय मिळालं?’ ती म्हणाली, ‘त्याला जाळायला लाकडं नव्हती. ती माणसं लाकडं घेऊन आली, रातभर बसली.’ एवढंच. पुढे ती गळ्यात काळे मणीही घाली आणि प्रार्थनेलाही जाई. मी विचारलं नाही.

आता दुसरी बाजू, कारण माझे लोकही कमी नाहीत. मुरबाडला एका पोराला घोणस चावली. घरच्यांनी आधी भगताकडे नेलं, वेळ घालवला, मग दवाखान्यात. पोराची लघवी लाल, पाय सुजलेला, बाप थरथरतोय. तेवढ्यात एक उपदेशक खाटेशी उभे राहून बापाला म्हणतात, नाव घे, वचन दे, मुलगा उठेल. मी त्यांना दंडाला धरून बाहेरच्या बाकावर बसवलं. डिस्चार्जनंतर त्याच्या घरी जा, चहा प्या, हवं ते बोला. माझ्या वॉर्डात सलाईन लागलेल्या पोराच्या बापाकडून वचन घ्यायचं नाही. माझ्याच मंडळीत तक्रार गेली की ही सिस्टर विश्वासात कच्ची आहे.

तर मुलींनो, माझं एवढंच मागणं आहे आणि ते मी दोनदा सांगणार आहे. अडलेल्या माणसाकडून श्रद्धेचा हिशेब मागू नका. टोमणा मारून नको आणि उपदेश करूनही नको. सरकार मागतं, ते पुरे आहे. 1950 च्या आदेशाने दलित माणूस ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीची सवलत जाते. शीख झाला तर 1956 पासून राहते, बौद्ध झाला तर 1990 पासून. आदिवासींना ही अट नाही, म्हणून आता त्यांनाही ती लावा अशी ओरड चालू आहे. त्या भांडणात तुमचं मत असू द्या, माझंही आहे आणि ते कडक आहे. पण खाटेपाशी नाही. अडलेल्या माणसाकडून हिशेब मागू नका.

त्या उपदेशकांच्या गटातले काही जण अजून माझ्याशी बोलत नाहीत. पोरगा वाचला, मोठा झाला, रिक्षा चालवतो. कुठल्या देवाला जातो ते मला माहीत नाही.

तुमच्यातल्या ज्या जूनमध्ये डोळखांबला किंवा टोकावड्याला रुजू होतील, त्यांनी पहिल्याच दिवशी सर्पदंशाच्या लसीचा साठा मोजून घ्यावा. कमी असेल तर लेखी मागणी करावी आणि पोच घ्यावी. तोंडी मागणीला आमच्या खात्यात कधी उत्तर मिळालेलं मी पाहिलेलं नाही.