बाबांच्या पद्मिनीचं नवं इंजिन



माझी ओळख सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून करून दिली खरी, पण चहाच्या वेळी प्रत्येकानं एकच विचारलं, "बाहेर ती जुनी फियाट उभी आहे, ती तुझी का?" म्हणून गाडीचंच सांगते.

गाडी बाबांची. प्रीमिअर पद्मिनी, मूळची फियाट ११०० डिलाइट. १९७४ पासून ती या नावानं निघू लागली. १०८९ सीसीचं इंजिन. तुमच्यापैकी निम्मे जण तिच्यातून धुळ्याला दवाखान्यात गेलेले आहात. पुढे कित्येक वर्षं ती अंगणातच उभी राहिली आणि इंजिनचा ब्लॉक तडकला.

दुसऱ्याचं इंजिन घालण्याचा उद्योग प्रीमिअरनं स्वतःच केला होता. १९८५ ची ११८ एनई म्हणजे अंग फियाट १२४ चं, इंजिन आणि गिअरबॉक्स निसानचे. त्याच १२४ वरून इटलीत स्पायडर ही देखणी स्पोर्ट्स कार निघाली. आपल्या वाट्याला चौकोनी डबा आला. मला डबाच आवडतो. भंगारात एक मिळाली, ११७१ सीसीचं इंजिन धडधाकट होतं.

मॅकेनिक म्हणाला, "ताई, इंजिनसोबत त्याचाच गिअरबॉक्स घ्या." मी ऐकलं नाही. बाबांच्या हाताला स्टिअरिंगजवळच्या गिअरची सवय, म्हणून फियाटचाच गिअरबॉक्स ठेवायचा, मध्ये पोलादी प्लेट घालायची. न जुळणाऱ्या दोन प्रणाली थोडा कोड लिहून जोडायची माझी रोजची सवय, त्याचाच माज. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक क्रँकशाफ्टच्या मागे एका बुशमध्ये फिरतं. तयार बुश बसेना. हंडे-घागरी घडवणाऱ्या आपल्या तांबट काकांनी पितळ ओतून दिलं, धुळ्यात लेथवर कातून घेतलं. ते बुश अचूक होतं. चुकली माझी प्लेट. भोकं केसभर सरकली, दोन्ही शाफ्ट एका रेषेत येईनात. कागदपत्रं व्हायची होती म्हणून शेतरस्त्यावरच चाचणी घेतली. घरघर सुरू झाली आणि बेअरिंग गेलं. सर, तुम्ही अक्ष शिकवत होतात तेव्हा मी खिडकीतून किल्ला बघत होते, त्याची ही फी.

मग निमूटपणे निसानचा गिअरबॉक्स बसवला. गिअरचा दांडा खालून वर आला, प्रोपेलर शाफ्ट कापून लांबी जमवली, बॅलन्स करून घेतला. आरसीवर इंजिनचा नंबर असतो, त्यामुळे परवानगी, तपासणी, नवी नोंद हे सगळं आलंच.

बाबा पहिल्यांदा बसले, क्लच दाबला आणि डावा हात सवयीनं स्टिअरिंगपाशी गेला. तिथला जुना दांडा मी काढला नव्हता. तो आता कशालाच जोडलेला नाही. त्यांनी तो पहिल्यात टाकला आणि माझ्याकडे पाहिलं. मी शेजारी बसून खालचा दांडा पहिल्यात टाकला. असेच नरडाण्यापर्यंत गेलो, ते वर, मी खाली.

जेवणानंतर कुणाला फेरी मारायची असेल तर सांगा. चावी बाबांकडे आहे.