घरातील ध्वनिमुद्रण आणि भिंतीपलीकडचा शेजारी
(रेणापूर येथे प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमाखाली आपणांपैकी बहुतेकांनी आयुष्यात प्रथमच घरी बसून कविता व पाठ ध्वनिमुद्रित केले. शाळा पुन्हा उघडल्या, तरी ते काम थांबलेले नाही, आणि थांबू नये असे माझे मत आहे. आईवडील ऊसतोडीला गेलेले असतात आणि मूल आजीजवळ राहते. तांड्यावरच्या मुलाच्या घरी गोरमाटी बोलली जाते आणि मराठी कविता त्याच्या कानी पडते ती केवळ शाळेत. अशा मुलास गुरुजींच्या ओळखीच्या आवाजातील कविता संध्याकाळी पुन्हा ऐकावयास मिळणे ही मोठी गोष्ट आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांस क्यूआर संकेताची जोड देऊन त्यामागे ध्वनिमुद्रित कविता व पाठ ठेवले आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे आपण जाणतोच.

परंतु आपला आवाज जसा मुलापर्यंत जातो तसा तो भिंतीपलीकडेही जातो. मी लातूरला भाड्याच्या खोलीत राहत असता रात्री दहाच्या सुमारास पहिलीच्या वर्गासाठी एक कविता मुद्रित करीत होतो. एक ओळ मनासारखी साधेना, म्हणून ती पंधरा-वीस वेळा म्हटली. सकाळी शेजारच्या वहिनी नळावर भेटल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, तुमची कविता आमच्या लेकराला पाठ झाली बघा. केमिस्ट्री तेवढी राह्यली.” त्यांचा मुलगा बारावीला होता. लातूर पॅटर्नच्या गावात बारावीचे पोर घरात असणे म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको. वहिनी हसून बोलल्या खऱ्या, पण त्या दिवशी मी खाली मान घालून शाळेत गेलो.

मी उपायास लागलो, आणि प्रथम चूकच केली. घरातील होत्या नव्हत्या तेवढ्या वाकळा भिंतीवर टांगल्या. मुद्रण विलक्षण सुधारले. शेजारी मात्र आवाज होता तेवढाच ऐकू गेला. असे का व्हावे? कारण येथे दोन निरनिराळे प्रश्न आहेत आणि आपण ते एकच समजतो. खोलीतल्या खोलीत भिंतीवर आपटून परत येणारा ध्वनी, ज्यास आपण घुमणे म्हणतो, तो एक. आणि भिंतीतून पार होऊन शेजारी जाणारा ध्वनी, तो दुसरा. वाकळ, घोंगडी, कपड्यांनी भरलेले उघडे कपाट ही पहिल्यावरची औषधे होत. दुसऱ्यास अडविते ते केवळ वजन. भिंतीचे वजन दुप्पट झाले की ती सुमारे ६ डेसिबल अधिक आवाज अडविते, आणि १० डेसिबल कमी झाले म्हणजे कानास आवाज साधारण निम्मा वाटतो. यावरून वाकळेचे सामर्थ्य किती, हे लक्षात यावे.

आपली जुनी माळवदाची घरे या दृष्टीने उत्तम होती. दीड-दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंतीतून शेजाऱ्याचे भांडणसुद्धा ऐकू येत नसे. पण त्याच जड भिंती आणि तेच मातीचे छप्पर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारोंच्या अंगावर कोसळले. तेव्हा माळवद गेले याची हळहळ मी करणार नाही. पातळ भिंतीच्या आणि पत्र्याच्या घरातच आपणांस मार्ग काढावयाचा आहे. निदान फटी तरी बुजवाव्यात. दाराच्या क्षेत्रफळाच्या शंभराव्या हिश्श्याएवढी फट राहिली, तर दार कितीही जड असो, ते सुमारे २० डेसिबलहून अधिक आवाज अडवीत नाही. उंबऱ्याशी जुन्या लुगड्याची घट्ट गुंडाळी दाबून बसविणे हा बिनपैशाचा उपाय, भिंतभर वाकळा टांगण्यापेक्षा शेजाऱ्याच्या अधिक कामाचा आहे. पेटी वाजविणाऱ्यांनी ती सामाईक भिंतीस टेकलेल्या मेजावर ठेवू नये. मेजाचा कंप थेट भिंतीत उतरतो. पेटीखाली घोंगडीची चौपदरी घडी असावी.

खरा उपाय मात्र भिंतीपाशी नसून आपल्या कंठापाशी आहे. चाळीस मुलांपुढे बोलण्याचा आपला आवाज आपण घरीही लावतो. १९०२ साली कलकत्त्यास हॉटेलच्या खोलीत गौहरजान यांचे गाणे प्रथम मुद्रित झाले, तेव्हा कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गाणे भागच होते. यंत्राची सुई केवळ आवाजाच्या जोरावर हालत असे. १९२५ पासून विजेचा ध्वनिग्राहक आला आणि ती सक्ती संपली. आजचा साधा मोबाइल कुजबुजदेखील टिपतो. तोंडापासून त्याचे अंतर निम्मे केले की त्यास सुमारे ६ डेसिबल अधिक मिळतात. दोन हातांवर ठेवलेला मोबाइल वीतभर अंतरावर आणला, तर अंतर चौथाई होते, आणि मुलास पूर्वीइतकेच स्पष्ट ऐकू येऊन आपण १२ डेसिबल हळू म्हणू शकतो. इतका फरक एरवी भिंतीचे वजन चौपट केल्यावाचून मिळावयाचा नाही. मोबाइल अगदी ओठांसमोर न धरता किंचित बाजूस ठेवावा, म्हणजे प, फ, ब, भ यांचा वारा त्यावर आदळत नाही. हळू म्हणताना कविता निर्जीव होईल, ही भीती मला होती. अनुभव उलट आला. निजलेल्या लेकरास सांगावे तसा तो आवाज लागतो, आणि पहिलीच्या मुलास तो फार जवळचा वाटतो.

घुमणे थांबविण्यास वाकळ लागतेच. पण ती बोलणाऱ्याच्या पाठीमागेही हवी आणि भिंतीस न चिकटविता चार बोटे पुढे टांगावी. डोक्यावर पांघरून घेऊन बोलणारेही आहेत. पौषात ते ठीक. आमच्या एप्रिलात पंखा बंद करून असे बसणाऱ्याने तीन मिनिटांत बाहेर यावे. पत्र्यावर पाऊस सुरू झाला, तर मात्र काही इलाज नाही, चहा करावा.

शेजाऱ्यास जाच होतो तो मुख्यतः पुनरुक्तीचा. चूक झाली की आरंभापासून पुन्हा म्हणू नये. क्षणभर थांबून तेवढीच ओळ म्हणावी आणि नंतर चुकलेला भाग कापून टाकावा; आता हे मोबाइलवरही करता येते. आधी मनातल्या मनात चांगली तयारी करावी. झालेले मुद्रण आणि सुराचा आधार, दोन्ही कानात यंत्र घालून ऐकावे, कर्ण्यावर लावू नये. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण परीक्षेच्या दिवसांत नियमाकडे बोट दाखवून शेजारधर्म भागत नाही. मी वहिनींनाच विचारले की, मुलगा शिकवणीस केव्हा जातो? त्या म्हणाल्या, दुपारी चार ते सहा. शाळेच्या दिवशी मला ते जमण्याजोगे नव्हते, म्हणून रविवारची सव्वाचार ते साडेचार ही पंधरा मिनिटे ठरली. कुकर त्या वेळात लावणार नाही, असे त्यांनी आपण होऊन सांगितले.

पुढील केंद्रसंमेलनास येताना प्रत्येकाने एकाच कवितेची दोन मुद्रणे आणावीत: एक दोन हातांवरून वर्गातल्या आवाजात केलेले, दुसरे वीतभर अंतरावरून हळू म्हटलेले. दुसरे करताना घरातील कोणास तरी शेजारी उभे करून तेथे काय ऐकू आले, तेही लिहून आणावे. आपण ती सर्व एकाच मोबाइलवर ऐकू.