होडीच्या टोकावरचा झेंडा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



'तू नक्की काय करतेस, ते एकदा कळेल असं सांग,' असं मला सकाळपासून तिघांनी म्हणून झालं. मी मोबाइलवरचे गेम बनवते. तुमच्या मुलांचा अभ्यास बुडतो त्यात थोडा वाटा माझाही आहे. पण आज मी माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे, कारण तिचं उत्तर मला याच इमारतीत, नववीत शिकवलं होतं.

गेममध्ये पडद्यावर जे चित्र हलतं त्याला आम्ही स्प्राइट म्हणतो. ॲपलचं स्प्राइटकिट २०१३ साली आयओएस ७ बरोबर आलं, माझं बरंचसं काम त्यातच झालं. समजा, एक होडी आहे आणि तिच्या टोकावर झेंडा आहे. झेंडा होडीला 'चाइल्ड' म्हणून, म्हणजे तिचं लेकरू म्हणून जोडायचा. मग होडी सरकली की तोही सरकतो, ती कलली की कलतो, ती लहान केली की तोही लहान होतो. आपल्याला काही करावं लागत नाही. फक्त त्याची जागा सांगताना पडद्यावरून मोजायचं नाही, आईपासून मोजायचं. होडीचा मध्य म्हणजे शून्य.

माझी होडी ४०० पॉइंट रुंद होती. आयपॅडवर जशीच्या तशी, आयफोनवर निम्मी. झेंडा टोकावर हवा, म्हणून मी पडद्यावर दिसणारी रुंदी मोजून तिचं अर्धं करायला प्रोग्रॅमला सांगितलं. आयपॅडवर ४०० चे अर्धे २००, झेंडा बरोबर टोकावर. फोनवर रुंदी दिसते २००, अर्धे १००. पण झेंडा निम्म्या केलेल्या होडीत राहतो! तिथले १०० म्हणजे पडद्यावरचे ५०. झेंडा टोक सोडून आत आला आणि थेट नावाड्याच्या डोक्यातून उगवला.

माझ्या टेबलावर आयपॅड होता. त्यावर सगळं छान दिसत होतं. तक्रार आली तेव्हा मी ठरवूनच टाकलं की चित्र चुकीचं कापलंय. चित्रं काढणारी मुलगी बाहेरून काम करायची, चित्रामागे पैसे. तिच्याकडून होडी मी तीन वेळा नव्याने करून घेतली. 'मॅडम, चित्र तेच आहे हो,' असं ती म्हणाली, तर मी तिचं बिल अडकवून ठेवलं. दोन महिने. पदवी माझ्याकडे होती ना!

मग एका रात्री मला आपल्या भूगोलाच्या बाई आठवल्या. त्यांनी १ : ५०,००० चा स्थलनिर्देशक नकाशा झेरॉक्सवर निम्मा करून आणला होता आणि दोन गावांमधलं अंतर काढायला सांगितलं होतं. आम्ही बहुतेकांनी २ सेंटिमीटरला १ किलोमीटर धरलं आणि उत्तर निम्मं आलं. बाईंनी खालची रेषा दाखवली. छापलेलं अंकप्रमाण नकाशा लहान झाल्यावर खोटं ठरतं. रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबरच लहान होतं, म्हणून खरं राहतं. मी तेव्हा ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

झेंड्याला हवी होती ती होडीच्या आतली रेषा. मूळ चित्राच्या रुंदीचे अर्धे, म्हणजे २००, एवढंच लिहायचं. होडी निम्मी करा नाहीतर दुप्पट, झेंडा टोकावरच राहतो. मी आकडा बदलला, फोनवर लावून बघितलं. दहा मिनिटांचंही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला फोन केला, बिल चुकतं केलं, माफी मागितली. ती 'ठीक आहे' म्हणाली. पुढच्या गेमसाठी विचारलं तर तिने वेळ नसल्याचं सांगितलं. मी पुन्हा विचारलं नाही.

यानंतर मी एक सवय लावून घेतली. एक रिकामा नोड करायचा, ज्याला स्वतःचं चित्र नाही. त्याच्या पोटात होडी एक लेकरू आणि नावाड्याच्या नावाची पाटी दुसरं, दोघं भावंडं. कारण होडी उलट्या दिशेला वळवायची तर आम्ही आडवं स्केल उणे एक करतो. पाटी होडीचं लेकरू असेल, तर तिच्यावरची अक्षरंही आरशातल्यासारखी उलटी होतात. तेही मी करून बसले आहे. त्या वेळी मात्र कोणाला फोन लावण्याआधी आधी स्वतःचा कोड उघडला.

लॅपटॉप बरोबर आणलाय. चहानंतर नववी-दहावीच्या मुलांनी संगणक कक्षात या, ती चुकलेली होडी अजून ठेवली आहे. झेंडा तुम्ही लावा. भूगोलाच्या बाई समोरच बसल्या आहेत, त्यांनाही घेऊन या.