अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि त्याची आई

(सरपंच, ग्रामसेवक, शिक्षक, अंगणवाडी सेविका व आशा स्वयंसेविका यांच्या एकत्रित मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आपल्या खेड्यापाड्यांतून एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, आठव्या महिन्यातले मात्र जगत नाही, असा तो समज. घरातील वडीलधाऱ्या बायका तो मोठ्या खात्रीने सांगतात. मग आठ महिन्यांचे मूल जन्माला आले की घरातील माणसे मनातून आशा सोडतात. बाळाला फडक्यात गुंडाळून आईपासून दूर निजवतात, दूध पाजण्याची घाई करीत नाहीत, दवाखान्यात नेण्याचे टाळतात. दोन दिवसांत ते मूल दगावते आणि समज खरा ठरला, असे सर्वांना वाटते.

वस्तुस्थिती याच्या अगदी उलट आहे. आईच्या पोटात बाळाला मिळालेला प्रत्येक अधिक दिवस त्याची फुप्फुसे, मेंदू आणि पचनशक्ती बळकट करतो. म्हणून आठव्या महिन्यातील बाळ वाचण्याचा संभव सातव्या महिन्यातील बाळापेक्षा नेहमीच अधिक असतो. अशी बाळे पुष्कळदा दगावतात ती गारठ्याने, उपासाने आणि जंतुसंसर्गाने. ही तिन्ही कारणे बऱ्याच अंशी आपल्या हातातील आहेत, आणि त्यांवरील उपायाचे मुख्य साधन बाळाची आई हेच आहे. आईला सांभाळले तर बाळ सांभाळले जाते, एवढीच गोष्ट आज मला आपल्यापुढे मांडावयाची आहे.

गर्भधारणेचे ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाला अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणतात. जन्माच्या वेळी अडीच किलोपेक्षा कमी भरलेले बाळ ते कमी वजनाचे बाळ होय. काही बाळे दिवस पुरे होऊनही हलकी असतात, तर काही दोन्ही अर्थांनी नाजूक असतात. जगात साधारणपणे दहांपैकी एक मूल दिवसांपूर्वी जन्मते. २०२० या एका वर्षात आपल्या देशात अशी तीस लाखांहून अधिक मुले जन्माला आली. तेव्हा हा एखाद्या घरावर आलेला दैवाचा कोप नव्हे, तर प्रत्येक गावाने तयारीत असावे असा हा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच राज्यात, गडचिरोलीसारख्या दुर्गम जिल्ह्यात सापडले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने तेथील ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्यासाठी गावातच राहणाऱ्या, पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. त्या प्रसूतीच्या वेळी हजर राहत, बाळाचे वजन करीत, त्याला उबेत ठेवण्यास आणि अंगावर पाजण्यास आईला शिकवीत, आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच उपचार करीत. या कामाचा अहवाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तिसऱ्या वर्षी या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी घटले होते.

आपल्या विषयाशी थेट निगडित आकडे त्याहून बोलके आहेत. प्रयोगाच्या आरंभी या गावांतील अपुऱ्या दिवसांच्या दर शंभर बाळांपैकी तेहतीस दगावत. पुढील सात वर्षांच्या कामात हे प्रमाण शंभरात दहावर आले. कमी वजनाच्या बाळांत ते अकरावरून पाचाच्याही खाली आले. तेथे काचेच्या पेट्या नव्हत्या. होती ती उबदार पिशवी, वजनाचा काटा, स्वच्छ हात, आईचे दूध आणि दारी येऊन धीर देणारी गावचीच एक बाई. याच अनुभवाच्या आधारावर २०११ पासून देशभर आशा स्वयंसेविकांमार्फत घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याचा कार्यक्रम सुरू झाला.

आता उबेविषयी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी पातळ असते आणि अंगावर चरबी जवळजवळ नसते. वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे त्याच्या शरीरातील उष्णता झपाट्याने निघून जाते. आपल्याला सुखद वाटणाऱ्या हवेतही ते गारठते. गारठलेले बाळ दूध ओढीत नाही, दूध न मिळाल्याने अधिक गारठते, आणि असे हे चक्र त्याचा जीव घेते.

यावर १९७८ मध्ये दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी एक साधा मार्ग शोधला. रुग्णालयात पेट्या अपुऱ्या पडत असल्याने त्यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास प्रारंभ केला. कांगारू आपले पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवते, म्हणून या पद्धतीस कांगारू मातृसेवा असे नाव पडले. प्रथम ही गरिबांची तडजोड समजली जाई. पुढे अनुभवाने तिचे खरे मोल कळले. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह आफ्रिका व भारतातील पाच रुग्णालयांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. एक किलो ते १८०० ग्रॅमच्या आतील बाळांना जन्मानंतर लगेच छातीशी धरले, तेव्हा अठ्ठावीस दिवसांत शंभरात बारा बाळे दगावली. प्रकृती स्थिर होईपर्यंत आईपासून वेगळे ठेवलेल्या बाळांत हे प्रमाण सुमारे सोळा होते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा सर्व बाळांना जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, आणि दिवसातून आठ ते चोवीस तास, छातीशी ठेवावे अशी शिफारस केली.

ही पद्धत कोणत्याही घरी पाळता येते. बाळाला टोपडे, लंगोट आणि पायमोजे एवढेच घालावे. आईच्या दोन्ही स्तनांच्या मधे त्याला उभे, छातीला छाती लावून ठेवावे. मान एका बाजूस वळलेली आणि किंचित वर असावी, म्हणजे श्वास मोकळा राहतो. पाय बेडकासारखे दुमडलेले असावेत. वरून जुन्या मऊ लुगड्याने किंवा उपरण्याने दोघांना एकत्र बांधावे आणि आईने सैल पोलके घालावे. एका वेळी निदान तासभर तरी असे ठेवावे. आई दमली की बापाने, आजीने किंवा आत्याने बाळ आपल्या छातीशी घ्यावे. बापाची ऊब बाळाला काही कमी प्रतीची नसते. यात पुरुषाने संकोच करण्याचे कारण नाही.

घरातील रूढींपैकी काही येथे बाजूस ठेवावयास हव्यात. जन्मताच अंघोळ घालू नये. हलक्या बाळाचे वजन वाढू लागेपर्यंत आणि आरोग्यसेविका सांगेपर्यंत कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसणे पुरे. नाकातोंडात व टाळूवर तेल ओतू नये. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी आणि धुरी यांचा धूर कोंडू देऊ नये, कारण कोवळ्या फुप्फुसांना तो सोसत नाही. बाळास हात लावण्यापूर्वी प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत. पाचवी व बारशाच्या निमित्ताने बाळ दहाजणांच्या हाती फिरवू नये. बारसे महिनाभर लांबले तर काही बिघडत नाही.

दुधाविषयी सांगावयाचे तर पहिला पिवळसर चीक ही बाळाची पहिली लस आहे. तो पिळून टाकणे म्हणजे हातचे औषध फेकणे होय. मध, साखरेचे पाणी, बाळगुटी यांतील काहीही देऊ नये. साधारण ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ घालता येत नाही. ते अंगावर ओढीत नाही याचा अर्थ आईला दूध नाही असा नव्हे. अशा वेळी आईने स्वच्छ हातांनी दूध काढावे आणि डॉक्टर किंवा आरोग्यसेविका यांच्याकडून शिकून घेऊन वाटी-चमच्याने किंवा उकळून घेतलेल्या बोंडल्याने दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडे थोडे पाजावे. बाटली वापरू नये. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती अशाच नाजूक बाळांसाठी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मातेच्या दुधाची किती गरज असते, हे त्यावरून लक्षात यावे.

बंधुभगिनींनो, आता मी आईकडे वळतो. अपुऱ्या दिवसांचे मूल झाले की पहिला प्रश्न तिलाच विचारला जातो: तू काय खाल्लेस, कोठे गेलीस, काय उचललेस? वास्तविक रक्तदाब, रक्तक्षय, जंतुसंसर्ग, जुळे, दोन बाळंतपणांतील अपुरे अंतर अशी याची अनेक कारणे असतात, आणि पुष्कळदा कोणतेच कारण सापडत नाही. पण ती बाई मनातल्या मनात स्वतःला दोषी मानू लागते. बाळाला हात लावण्यास भिते, झोपत नाही, जेवत नाही, कोणाशी बोलत नाही. मुलगी झाली असेल तर टोमण्यांची भर पडते.

याला केवळ बाळंतपणाचा थकवा समजू नये. गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के माता खिन्नतेच्या विकाराने ग्रस्त आढळल्या. दारिद्र्य, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलीचा जन्म यांचा त्याच्याशी संबंध दिसून आला. अशा मातांच्या बाळांची वाढही खुंटत असल्याचे पुढे दिसले. म्हणजे सुनेला दिलेला टोमणा शेवटी नातवाच्या वजनातून वजा होतो.

म्हणून बाळंतिणीला पोटभर अन्न, पाणी आणि झोप मिळाली पाहिजे. पाणी कमी पाजण्याचे, डाळभाजी वर्ज्य करण्याचे पथ्य सोडावे. अळीव, मेथी, डिंकाचे लाडू जरूर द्यावेत, पण त्यांच्याबरोबर भाकरी, वरण, पालेभाजी आणि घरात चालत असल्यास अंडी-मासेही द्यावेत. लोहाच्या गोळ्या प्रसूतीनंतर सहा महिने चालू ठेवाव्यात. पाणी भरणे, धुणे, शेतावर जाणे ही कामे घरातील इतरांनी वाटून घ्यावीत. बाळ छातीशी धरून बसलेली बाई रिकामी बसलेली नसते. त्या घरातील सर्वांत महत्त्वाचे काम ती करीत असते. दोन आठवड्यांहून अधिक काळ ती उदास राहिली, बाळाकडे पाहीनाशी झाली किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलू लागली, तर तिला एकटे न सोडता ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. 'टेलिमानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

काही गोष्टी आधीच टाळता येतात. मुंबईत १,२१७ गर्भवती स्त्रियांची पाहणी करण्यात आली व ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. मिशरी लावणाऱ्या किंवा तंबाखू खाणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले, आणि त्यांची प्रसूती सरासरी सहा दिवस आधी झाली. मिशरीने दात स्वच्छ होतात ही समजूत बाळाला महाग पडते. त्याचप्रमाणे दिवस भरण्यापूर्वी कळा आल्या, पाणी गेले किंवा रक्तस्राव झाला तर सकाळची वाट न पाहता १०८ किंवा १०२ क्रमांकावर वाहन मागवावे. वेळेत रुग्णालय गाठल्यास बाळाची फुप्फुसे तयार करणारे इंजेक्शन आईला देता येते.

घरची काळजी म्हणजे रुग्णालयाला पर्याय नव्हे, हेही नीट ध्यानी घ्यावे. १८०० ग्रॅमपेक्षा हलक्या बाळास विशेष नवजात शिशु कक्षातच दाखल करावे, आणि नेताना छातीशी धरूनच न्यावे. कोणत्याही बाळाने दूध सोडले, अंग गार किंवा तापलेले लागले, ते मलूल झाले, मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास घेऊ लागले, श्वास घेताना छाती आत ओढू लागले, झटके आले, पोट फुगले, तळहात-तळपाय पिवळे पडले किंवा बेंबीतून पू आला, तर एक तासही घालवू नये. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बालकाचे उपचार व ने-आण विनामूल्य आहेत. तसेच दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाचे डोळे महिन्याच्या आत तपासून घ्यावेत. दृष्टिपटलाचा दोष वेळीच कळला तर अंधत्व टाळता येते.

रुग्णालयात प्रसूती झाल्यावर आशा स्वयंसेविका तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. तिला उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवू नका. बाळाचे वजन तिच्याकडून करवून घ्या. सरपंचांनी तिच्या कामाची ग्रामसभेत विचारपूस करावी. ग्रामसेवकांनी पावसाळ्यात वाट तुटणाऱ्या वस्त्यांतील गर्भवतींची यादी आधीच तयार ठेवावी. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलामुलींना, विशेषतः मुलांना, ही माहिती द्यावी. उद्याचे बाप तेच आहेत.

आपल्या गावी यापुढे आठव्या महिन्यातील बाळ जन्माला येईल, तेव्हा "हे जगायचे नाही" असे म्हणणारे कोणी तरी भेटेलच. त्या वेळी आपणांपैकी एकाने तरी पुढे होऊन बाळ आईच्या छातीशी द्यावे, आणि आईच्या हाती जेवणाचे ताट द्यावे. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.