पिढीजात मताचा हिशेब

(गांवच्या वाचनालयांत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



निवडणूक जवळ आली कीं पुढारी मंडळी ओटीवर बसून घरें मोजूं लागतात : अमकी आळी आपली, तमकी आळी त्यांची. जी आळी "आपली" ठरली तिच्याकडे मग कोणी फिरकत नाहीं. आज आम्ही अशाच एका ठरलेल्या आळीची हकीकत सांगणार आहोंत. मात्र ती आळी अमेरिकेंत आहे. तेथें प्रत्येक राज्याचे लहान लहान भाग पाडलेले असतात, त्यांना काउंटी म्हणतात. केंटकी राज्याच्या पूर्वेस डोंगराळ मुलखांत एलियट नांवाची काउंटी 1869 सालीं झाली. वस्ती अवघी सात हजारांवर, म्हणजे आपल्या एखाद्या बाजारच्या गांवाएवढी. लोक जवळ जवळ सारे गोरे. पण गोरा म्हणजे साहेब, अशी समजूत करून घेऊं नका. उतारावरची थोडकी जमीन, तींत तंबाखू, असे हे कष्टकरी लोक.

1872 पासून 2012 पर्यंत अध्यक्षाच्या 36 निवडणुका झाल्या आणि छत्तिसांतही या काउंटीचा कौल डेमोक्रॅट पक्षालाच गेला. 1972 व 1984 सालीं त्या पक्षाचा देशभर धुव्वा उडाला, पन्नास राज्यांपैकीं एकेकच हातीं लागलें, तरी एलियट हलली नाहीं. त्याच डोंगरांत जॅक्सन नांवाची दुसरी काउंटी आहे. तेथेंही तीच उतारावरची जमीन, तोच तंबाखू, तेंच दारिद्र्य; पण यादवी युद्धापासून आजपर्यंत अध्यक्षाच्या निवडणुकींत तिनें डेमोक्रॅटाला एकदांही कौल दिला नाहीं. असें कां? 1861 ते 1865 च्या त्या युद्धांत कोणाचा पणजोबा कोणत्या बाजूला होता, हें त्याचें मोठें कारण! तंबाखूचा बाजार दोघांचा एक, मतें मात्र मेलेल्या माणसांच्या भांडणावर.

आतां गंमत पाहा. हाच शेतकरी आणखी एक मत देत असे, आणि तें डोळे उघडे ठेवून. 1938 च्या कायद्याखालीं तंबाखूला आधारभावाची व्यवस्था झाली. अट अशी कीं, ज्याला जेवढा वांटा ठरवून दिला असेल त्याहून जास्त त्यानें पिकवूं नये. लिलावांत व्यापाऱ्यानें आधारभावाच्या वर बोली केली नाहीं, तर शेतकऱ्यांची सहकारी संस्था सरकारी कर्ज काढून माल उचली. आणि ही मर्यादा मान्य आहे कीं नाहीं, हें दर तीन वर्षांनीं शेतकऱ्यांनाच विचारीत. तीनांपैकीं दोघांनीं होकार दिला तरच ती चाले. तेथें पणजोबाला कोणी विचारीत नसे. पौंडामागें काय सुटतें, मजुरीला किती जातें, एवढें पाहून होय किंवा नाहीं. एकच माणूस, त्याच्या हातांत दोन मतें; एक हिशेबाचें, दुसरें वतनाचें.

पुढें परदेशी तंबाखू स्वस्त पडूं लागला, सिगारेट ओढणारे घटले, वांटा वर्षानुवर्षें उतरत गेला. 2004 सालीं कायद्यानें ही व्यवस्थाच मोडली. ज्याच्या नांवावर वांटा त्याला पौंडामागें 7 डॉलर, पिकविणाऱ्याला 3 डॉलर, तेही दहा वर्षांच्या हप्त्यांनीं. शेवटचा हप्ता 2014 सालीं. पुष्कळ शेतकऱ्यांनाच ही रोकड हवी होती, हेंही सांगितलें पाहिजे. पण रोकड खर्चली जाते आणि गेलेला आधार मागें येत नाहीं.

2008 सालीं याच काउंटीनें ओबामांना शंभरांत 61 मतें दिलीं. 2012 सालीं फरक साठेक मतांवर आला. 2016 सालीं शंभरांतलीं 70 मतें रिपब्लिकन ट्रम्प यांना पडलीं, आणि 2020 व 2024 सालीं त्याहूनही अधिक. कोळशाच्या खाणी बसल्या, धर्माचा प्रश्न, बंदुकीचा प्रश्न, अशीं कारणें वर्तमानपत्रांनीं दिलीं. तीं खोटीं नव्हेत. निव्वळ काळ्या माणसाचा द्वेष म्हणावा, तर 2008 चा कौल आड येतो. आमच्या मतें मूळ दुखणें वेगळें आहे. ज्या घराचें मत आधींच धरलेलें असतें, त्या घराला काय हवें हें विचारण्याची गरज धरणाऱ्याला उरत नाहीं. आणि ज्याला तें मिळणारच नसतें त्यालाही नसते. एक पक्ष सोडून दुसऱ्याच्या दावणीला गेल्यानें हें दुखणें बरें होत असतें, तर जॅक्सनवाले केव्हांच सुखी झाले असते. ते पहिल्यापासून त्या दावणीला आहेत, आणि गरिबी एलियटइतकीच.

एक गोष्ट मात्र ध्यानांत घेण्यासारखी आहे. 2016 सालीं वरचें मत उलटलें तरी एलियटचे आमदार बदलले नाहींत. सँडी हूक या तिच्या मुख्य गांवचेच रॉकी अ‍ॅडकिन्स, पक्षानें डेमोक्रॅट, 1987 पासून 2019 पर्यंत आमदार राहिले. गांवचा माणूस, ओळखीचा, दारांत जाऊन जाब विचारतां येई असा. तेथें पक्षाची खूण कोणी पाहिली नाहीं. ते गेल्यावर 2020 च्या पोटनिवडणुकींत ती जागाही रिपब्लिकनांकडे गेली.

आम्हांला सांगावयाचें होतें तें सांगून झालें. कोणाला कांहीं विचारावयाचें असेल तर त्यानें खुशाल उभें राहावें, बायांनींही विचारावें.