ठरल्या वाटेवरून ड्रोन भरकटतो तेव्हा

२४ एप्रिल २०२० रोजी ‘स्वामित्व’ योजना सुरू झाली आणि गावठाणांच्या मोजणीसाठी ड्रोन उडू लागले. आता परंडा तालुक्यातल्या सोनारीसारख्या गावातही हौशी ड्रोन सहज येऊ शकतो. मोबाइलच्या नकाशावर ठिपके टाकायचे, की ड्रोन त्या वाटेनं आपोआप फिरून येतो.

मात्र एकाच जागी तो वाढत्या घिरट्या घालू लागला, तर पहिला संशय होकायंत्रावर घ्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून किंवा बोअरच्या लोखंडी पाइपाजवळून उड्डाण केलं, की होकायंत्र हमखास चकतं. मोकळ्या रानात जाऊन ते पुन्हा जुळवा. उपग्रहांचे संकेत स्थिर होऊन परतीचं ठिकाण नोंदलं गेल्याशिवाय ड्रोन उचलूच नका.

उंचीची गफलत त्याहून घातक. बऱ्याच ड्रोनमध्ये ठिपक्याची उंची उड्डाणाच्या जागेपासून धरलेली असते, खालच्या जमिनीपासून नव्हे. ओढ्याकाठून उडवून ३० मीटर उंची दिली आणि पुढचा माळ २० मीटर वर असला, तर तिथं उरतात फक्त १० मीटर; लिंबाचं झाड आडवं यायला तेवढं पुरे. परतीची उंचीही वाटेतल्या सर्वांत उंच झाडाच्या, टॉवरच्या वर ठेवा.

जाताना वारा पाठीशी असेल, तर परतताना तो समोरून येतो आणि बॅटरी झपाट्यानं उतरते. म्हणून लांबचे ठिपके आधी घ्या. आणि सोनारीच्या भैरवनाथाच्या यात्रेत, माणसांच्या डोक्यावरून तर वाट आखूच नका.