लाळग्रंथी पुन्हा उभी करताना



संयोजकांनी सांगितलं, ‘तुझ्या कामाबद्दल बोल, पण सगळ्यांना कळेल असं.’ म्हणून मी आज लाळेबद्दल बोलणार आहे. हसा खुशाल, पण ऐका.

मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. कॅन्सरच्या रेडिएशनचं नियोजन करणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करते. सीटी स्कॅनवर गाठ कुठे आहे आणि कोणते अवयव वाचवायचे, याच्या रेषा डॉक्टर आखतात. तोंडाच्या-घशाच्या कॅन्सरमध्ये त्या अवयवांत कानाखालची लाळग्रंथी असते. तंबाखू, मिश्री, गुटखा यांमुळे असे रुग्ण आपल्याकडे फार.

आपल्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती बनवणाऱ्या पेशी रेडिएशनला नाजूक असतात, आणि गेल्या की सहसा परत येत नाहीत. माझ्या मामांचा कॅन्सर बरा झाला. पण भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, कीर्तनाला बसले तरी बाटली मांडीशी लागते. दोन वर्षांत दातही किडले. रिपोर्ट चांगला आला. काय गमावलं ते ताटावर बसल्यावर कळलं.

ही ग्रंथी पुन्हा उभी करता येईल का, यावर जगात काम चाललंय. त्यातला एक मार्ग आहे स्कॅफोल्डचा, म्हणजे सांगाड्याचा. चऱ्होलीत आता जिकडेतिकडे इमारती उठतायत, त्यामुळे सेंटरिंग तुम्हाला समजावायला नको. स्लॅब पक्का होईपर्यंत आधार, मग काढून टाकायचा. पेशींनाही तसाच आधार लागतो. सपाट ताटलीत वाढवल्या तर त्या पसरतात आणि हळूहळू आपलं काम सोडून देतात. सच्छिद्र सांगाड्यात त्या एकमेकींना धरून गोलाकार रचना करतात, स्वतःचा आधार विणतात. हे सेंटरिंग काढावं लागत नाही, ते शरीरात हळूहळू विरघळतं.

असा सांगाडा रेशमातल्या फायब्रॉइन या प्रथिनापासूनही बनतो. अमेरिकेत सॅन अँटोनिओच्या संशोधकांनी २०१५ मध्ये उंदरांच्या लाळग्रंथीच्या पेशी त्यावर वाढवल्या, आणि त्या लाळेतलं अमायलेज बनवत राहिल्या. पुण्याच्या एनसीएलमध्येही फायब्रॉइनच्या सांगाड्यांवर काम झालंय, ते हाडासाठी. जपानमध्ये ताकाशी त्सुजी यांच्या गटाने २०१३ मध्ये वेगळी वाट धरली. भ्रूणाच्या पेशींपासून ग्रंथीचं बीज तयार करून ते उंदरात रोवलं. ते वाढलं, मूळ नळीला जोडलं गेलं, आणि आंबट चव लागताच लाळ सुटली.

खरी अडचण त्या नळीतच आहे. ग्रंथी म्हणजे पेशींचा गोळा नव्हे. लाळ एकाच दिशेने वाहायला हवी, रक्तवाहिन्या हव्यात, चिंच दिसताच हुकूम देणाऱ्या नसा हव्यात. भिंती उभ्या राहिल्या, पण नळ आणि वायरिंग नसेल तर त्या घरात कोण राहणार? म्हणून सांगाड्यावर वाढवलेली ग्रंथी अजून माणसाच्या नेहमीच्या उपचारात आलेली नाही. मामांना मी तसं स्पष्ट सांगितलंय.

मग आज हातात काय आहे? आहे ती ग्रंथी वाचवणं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ६० रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. आयएमआरटी या नेमक्या पद्धतीने रेडिएशन दिलेल्यांना तोंड कोरडं पडण्याचा त्रास कमी झाला. म्हणून आपल्यापैकी कुणाच्या घरी ही वेळ आली, तर पहिल्या दिवसाआधीच डॉक्टरांना विचारा, ‘लाळग्रंथी वाचवता येतील का? दात आधी तपासायचे का?’ गाठ ग्रंथीला लागून असेल तर उत्तर ‘नाही’ येईल. तरी विचारा. रेडिएशन झाल्यावर हा प्रश्न विचारून उपयोग नसतो.

आणि पुडीवाल्या मित्रांनो, राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तुमचा खिसा मला दिसतो. आज घरी जाऊन तोंड उघडा, तीन बोटं उभी घालून बघा. मावत नसतील, किंवा पांढरा चट्टा दिसला, तर याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. पुढच्या स्नेहमेळाव्याला आपण सगळ्यांनी एका पंगतीला बसून कोरडी भाकरी खायची आहे.